जड सामानासाठी एक्स्टर्नल फ्रेम बॅग: ती नेमकी काय करते आणि घेताना काय बघायचं?

कुठल्याही शॉपिंग अ‍ॅपवर 'मिलिटरी बॅग' असं सर्च करून बघा. हिरव्या, काळ्या, खाकी अशा शेकडो बॅगा समोर येतील. सगळ्यांवर आडव्या पट्ट्यांच्या रांगा, पाच-सहा खिसे आणि वर्णनात 'हेवी ड्युटी', 'टॅक्टिकल' वगैरे शब्द. पण यातल्या बहुतेक बॅगांमध्ये वजन पेलणारी मुख्य गोष्टच नसते, ती म्हणजे फ्रेम. लॅपटॉप आणि डबा न्यायला त्या ठीक आहेत. २० किलोचा पाण्याचा कॅन डोंगरावर न्यायचा असेल तर मात्र खिसे किती आहेत याला काही अर्थ नाही.

मी कर्जतचा. सोमवार ते शुक्रवार कोड लिहितो आणि सुट्टीच्या दिवशी आमच्या ग्रुपबरोबर गडावर किंवा रस्ता नसलेल्या वाड्यांवर सामान पोचवायला जातो. त्यामुळे 'कुठली बॅग घेऊ?' हा मेसेज मला दर पावसाळ्याच्या तोंडावर येतोच. आज त्याचं उत्तर जरा सविस्तर देतो.

इथे पाठीवर ओझं कोण नेतं?

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत अजूनही अशा ठाकर आणि कातकरी वाड्या आहेत जिथे गाडी पोचत नाही. तिथे तांदूळ, सिमेंट, सोलरची बॅटरी सगळं माणसाच्या अंगावरच चढतं. भरलेला घरगुती गॅस सिलिंडर साधारण ३० किलो भरतो, त्यातला गॅस १४.२ किलो आणि बाकी नुसतं पोलाद. माथेरान तर कर्जत तालुक्यातलं प्रसिद्ध ठिकाण, पण दस्तुरी नाक्यापुढे खासगी मोटार जात नाही. तिथला बाजार पिढ्यान् पिढ्या घोड्यांनी आणि हमालांनी चालवलाय.

आणि मग इर्शाळवाडी. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या उतारावरच्या या वाडीवर दरड कोसळली. वर जायला फक्त पायवाट होती. धो धो पाऊस, घसरडी चढण, खराब हवामानामुळे हेलिकॉप्टर नाही आणि जेसीबी चढवायचा तर प्रश्नच नव्हता. एनडीआरएफचे जवान, खोपोलीच्या यशवंती हायकर्ससारख्या संस्थांचे ट्रेकर आणि आसपासच्या गावांतले लोक फावडी-कुदळी घेऊन चढले आणि हातांनीच खणत राहिले. पाणी, जेवण, टॉर्च, दोर, ताडपत्री सगळं पाठीवरून आणि डोक्यावरून वर गेलं. २७ मृतदेह मिळाले. ज्यांचा शोध लागला नाही अशा ५७ जणांना नंतर मृत मानण्यात आलं. तिथे चांगल्या बॅगांनी निकाल बदलला असता असं मी म्हणत नाही. पण मशीन पोचत नाही तिथे माणूस किती किलो, किती वेळा आणि किती शाबूत राहून वर नेऊ शकतो यावर सगळं अवलंबून असतं, हे आमच्या भागातल्या प्रत्येक स्वयंसेवकाला तेव्हापासून नीट कळलंय.

फ्रेम करते काय?

पाण्याची घागर कमरेवर घेऊन चालणारी बाई आठवा. घागर खांद्याला लटकवलेली नसते, कमरेच्या हाडावर टेकवलेली असते. खांदा आणि मान हे ओझ्यासाठी कमकुवत भाग आहेत. कमरेचं हाड आणि त्याखालचे पाय हे शरीरातले खरे खांब. म्हणून बॅगेचं बरंचसं वजन कमरेच्या पट्ट्यावर यायला हवं आणि खांद्याच्या पट्ट्यांनी बॅग फक्त मागे कलंडू द्यायची नाही.

मग साध्या बॅगेला जाड कमरपट्टा लावला की झालं का? नाही. अर्धवट भरलेलं पोतं खालून वर ढकलून बघा, ते मध्येच दुमडतं. त्यात उभी काठी घातली की तेच पोतं काठीबरोबर वर उचललं जातं. फ्रेम म्हणजे ती काठी. ती नसेल तर पट्टा कितीही आवळा, कापड खाली बसतं आणि वजन परत खांद्यावर येतं.

फ्रेम दोन प्रकारची असते. इंटर्नल म्हणजे बॅगेच्या आत शिवलेल्या पट्ट्या किंवा शीट, आजच्या ट्रेकिंग रकसॅकमध्ये असते ती. एक्स्टर्नल म्हणजे बाहेरून दिसणारा अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांचा किंवा कडक प्लास्टिकचा सांगाडा, ज्यावर बॅग अडकवलेली असते. एक्स्टर्नलचा खरा फायदा असा की बॅग काढून टाकली तरी सांगाडा वापरता येतो. पाण्याचा कॅन, सिमेंटची अर्धी गोणी, लाकडाची मोळी, जे बॅगेत मावणार नाही ते थेट बांधता येतं. दुसरा फायदा म्हणजे पाठ आणि ओझं यांच्यात हवा खेळते. मे महिन्यात नानिवलीकडून इर्शाळगडाची चढण चढलेल्या माणसाला याची किंमत वेगळी सांगायला नको.

तोटाही त्याच फटीत आहे. ओझं पाठीपासून जितकं लांब, तितकं ते मागे ओढतं. २० किलोचा मध्यबिंदू पाठीपासून १५ सेंटीमीटरऐवजी २५ सेंटीमीटरवर गेला तर मागची ओढ दीडपटीपेक्षा जास्त होते आणि तुम्ही तेवढे पुढे वाकता. म्हणून सर्वात जड वस्तू फ्रेमला चिकटून बांधायची आणि हलक्या वस्तू बाहेरच्या बाजूला ठेवायच्या. आपल्याकडे डोक्यावर चुंबळ ठेवून मोळी आणणाऱ्या बायकांचं ओझं बरोबर मणक्याच्या रेषेत असतं, ही ओढ तिथे जवळजवळ नसतेच. फक्त ती किंमत मान मोजते, आणि एक हात बऱ्याचदा मोळी सावरण्यात अडकतो.

'मिलिटरी' म्हणजे कुठली मिलिटरी?

या प्रकारातलं सगळ्यात ओळखीचं नाव म्हणजे अ‍ॅलिस. अमेरिकन सैन्याने १९७३ मध्ये स्वीकारलेल्या सामान वाहण्याच्या संचाच्या इंग्रजी नावाची ही आद्याक्षरं आहेत. जुन्या सुती कॅनव्हासऐवजी नायलॉन आलं, कारण भिजलेलं कॅनव्हास स्वतःच जड होतं आणि लवकर वाळत नाही. यातली मीडियम बॅग फ्रेमशिवायही चालते, लार्ज मात्र फ्रेमवरच वापरायची असते. फ्रेमला खाली लावायचा एक छोटा शेल्फही मिळायचा, जड डबे आणि कॅन ठेवायला. माझ्या मते आपल्या कामासाठी अख्ख्या संचातली सगळ्यात उपयोगी वस्तू हीच.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मोले आलं आणि फ्रेम प्लास्टिकची झाली. सुरुवातीच्या फ्रेम मोडतात अशा तक्रारी आल्या, नंतर त्या सुधारल्या. इथे एक घोळ समजून घ्या. बॅगेवरच्या ज्या आडव्या पट्ट्या बघून विक्रेते 'मोले बॅग' म्हणतात, त्या फक्त जादा पाऊच अडकवायला असतात. वजन पेलण्याशी त्यांचा काडीचा संबंध नाही. वर्णनात मोले लिहिलंय म्हणजे आत फ्रेम असेलच, असं धरून चालू नका.

रंगाचं म्हणाल तर सैनिकी चट्ट्यापट्ट्यांची छपाई टाळा. आपल्या सैन्याचं नवं डिजिटल डिझाइन २०२२ मध्ये आलं, त्याचे हक्क सैन्याकडे आहेत आणि नाक्यावर उगाच चौकशी ओढवून घेण्यात मजा नाही. शिवाय बचावकामात हिरव्या झाडीत हिरवी बॅग शोधत बसावं लागतं. साधा खाकी किंवा काळा रंग घ्या आणि वर भगवं किंवा पिवळं रेनकव्हर चढवा.

घेताना फोटो झूम करा

ऑनलाइन घेत असाल तर कंपनीचे चकचकीत फोटो सोडा, ग्राहकांनी रिव्ह्यूमध्ये टाकलेले फोटो उघडा आणि तीन जागा झूम करून बघा. पहिली, खांद्याचा पट्टा फ्रेमला किंवा बॅगेला जिथे जोडलाय ती. तिथे चौकोनात फुली मारलेली शिलाई किंवा दाट आडवे टाके हवेत. नुसती एक सरळ शिलाई दिसली तर पुढे जा. बॅग कापडात क्वचितच फाटते, ती उसवते ती याच जागी. दुसरी जागा फ्रेमचे सांधे, म्हणजे रिव्हेट किंवा वेल्डिंग. तिसरी, पट्ट्यांचे बकल. पातळ चमकदार प्लास्टिकचं बकल उन्हात वर्षभरात कडक होऊन तुटतं.

कापडाच्या माहितीत '१००० डी' किंवा '६०० डी' असं दिसेल. हे डेनियर. ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे त्याचा डेनियर, त्यामुळे आकडा मोठा तर धागा जाड. पण नुसता आकडा बघू नका, पुढे नायलॉन लिहिलंय की पॉलिस्टर हेही बघा. त्याच आकड्याचं नायलॉन घासण्याला साधारणपणे जास्त टिकतं, पॉलिस्टर उन्हाला जास्त टिकतं आणि कमी पाणी पितं. कातळावर घासाघीस होणार असेल तर ५०० किंवा १००० डेनियरचं नायलॉन घ्या. आकडा दिलाय पण कापडाचं नावच नाही, अशा बॅगेवर मी पैसे लावत नाही.

परदेशी सैन्याच्या जुन्या बॅगा आपल्याकडे सेकंडहँड विकायला येतात आणि त्यांच्या नकलाही. जुनी खरी फ्रेम नव्या नकलेपेक्षा बऱ्याचदा चांगली निघते. फक्त हातात घेऊन वाकवून बघा. नळीला चीर नको, रिव्हेट हलायला नको. सैल खांदापट्टे किंवा कुजलेला फोम ही अडचण नाही, ते बदलता येतात.

माप मात्र तुमचंच

हा मुद्दा बहुतेक जण सोडून देतात. मान खाली घातल्यावर मानेच्या बुडाशी जे हाड वर येतं तिथून, कमरेवर हात ठेवल्यावर अंगठे पाठीमागे जिथे येतात त्या रेषेपर्यंत मित्राकडून टेपने अंतर मोजून घ्या. ही तुमच्या पाठीची लांबी. बॅगेचा नंबर यावर ठरतो, उंचीवर नाही. दोन सारख्या उंचीच्या माणसांची पाठ दोन इंचांनी वेगळी असू शकते. सैनिकी फ्रेम बहुधा एकाच मापात येतात. पाठ लहान असेल तर कमरपट्टा खाली सरकून पार्श्वभागावर येतो आणि मग फ्रेमचा फायदा संपला. आमच्या ग्रुपमधल्या बऱ्याच मुलींना आणि ठेंगण्या मुलांना हाच त्रास होतो. त्यांच्यासाठी पाठीची लांबी कमी-जास्त करता येणारी फ्रेम शोधा, नसेल तर सरळ इंटर्नल फ्रेमची रकसॅक घ्या.

अ‍ॅलिसचा मूळ कमरपट्टा तसा यथातथाच आहे. तो मागे पाठीला उशी देतो, पण कमरेला नीट कवेत घेत नाही. म्हणून जगभर लोक त्या फ्रेमवर मोलेचा जाड पट्टा बसवतात. आपल्याकडेही ताडपत्री किंवा रेक्झिनचं काम करणारा चांगला कारागीर हे शिवून देऊ शकतो. त्याला सुती दोरा नको, नायलॉनचा दोरा लाव, असं आधीच सांगा.

घरी आल्यावर टॅग काढायच्या आधी चाचणी घ्या. १५ किलो तांदूळ भरा, आधी कमरपट्टा कमरेच्या हाडावर आवळा, मग खांदापट्टे ओढा. आता खांदापट्टे थोडे सैल सोडा. ओझं कमरेवरच राहिलं आणि पट्ट्याखाली दोन बोटं सहज गेली, तर फ्रेम काम करतेय. धाडकन खांद्यावर आलं तर माप चुकलंय किंवा फ्रेम नावालाच आहे. मग २० मिनिटं जिना चढा-उतरा. घरचे हसतील, हसू द्या. रिटर्नची मुदत संपायच्या आत हे झालेलं बरं.

किती वजन न्यायचं? रोजची सवय नसलेल्या माणसाने आपल्या वजनाच्या पाव भागावर जाऊ नये, असा आमचा हिशोब. ६० किलोच्या माणसाला १५ किलो. म्हणजे २० लिटरचा भरलेला कॅन हा त्याच्यासाठी एका खेपेचा माल नाहीच, तो दोन खेपांत वाटा. चढताना दम लागतो म्हणून आपण थांबतो, पण गुडघे जातात ते उतरताना.

कुठे नको?

खांडसहून भीमाशंकरला जाणाऱ्या शिडी घाटात फ्रेम नको. शिडीवर वर आलेली नळी कातळाला अडते आणि एक धक्का पुरेसा असतो. सामान जड असेल तर लांब पडला तरी गणेश घाट घ्या. ढाक बहिरीच्या कातळटप्प्यावरही तेच, तिथे अंगाला चिकटून बसणारी छोटी बॅग हवी. आणि संध्याकाळच्या कर्जत लोकलमध्ये ही फ्रेम पाठीवर घेऊन चढायचा विचार असेल तर आजूबाजूच्यांच्या बरगड्यांचा विचार करा. ती उतरवून हातात धरा, रॅकवर ती मावेलच असं नाही.

दोन-तीन दिवसांच्या साध्या ट्रेकला, जिथे कपडे, स्लीपिंग बॅग आणि मॅगीची पाकिटं एवढंच सामान आहे, तिथे एक्स्टर्नल फ्रेमची गरज नाही. उगाच जास्तीचं वजन होईल.

पावसाळ्यानंतर

बॅगेच्या आतल्या बाजूला पाणी अडवायला पीयूचा थर असतो. कोकणातल्या दमट हवेत ओली बॅग माळ्यावर कोंबली की हा थर हळूहळू चिकट होतो, वास मारतो आणि पापुद्रे सुटतात. मग काहीही केलं तरी तो परत येत नाही. म्हणून चिखल साध्या पाण्याने धुवा, वॉशिंग मशीन नको, सावलीत पूर्ण वाळवा आणि चेन उघड्या ठेवून खुंटीला टांगा. अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही, पण त्यातले लोखंडी बोल्ट गंजतात, त्यांना तेलाचा एक थेंब द्या.

आणि बॅगेच्या खिशात कायम चार केबल टाय, दोन मीटर नायलॉनची दोरी आणि फ्रेमच्या मापाची एक जादा पिन ठेवा. इंटर्नल फ्रेमच्या बॅगेचा पट्टा मुळातून उसवला तर वाटेत फारसं काही करता येत नाही. इथे मात्र तो दोरीने नळीला बांधून तुम्ही चालायला लागता.