सभेला न येणारे पालक

‘पालक सभेला येतच नाहीत हो!’ माध्यमिक शाळेच्या कोणत्याही मुख्याध्यापकांशी पाच मिनिटे बोला, हे वाक्य कानी पडतेच. चिखलदरा तालुक्यात ते जरा अधिक कळवळून म्हटले जाते. ऐकणाराही मान डोलावतो, कारण त्याची समजूत पक्की असते की, आदिवासी आईबापांना शिक्षणाचे महत्त्वच कळत नाही. मला ही समजूत मान्य नाही.

चिखलदरा म्हटले की आपल्याला आठवतात थंड हवा, भीमकुंड, गाविलगड आणि कॉफीचे मळे. पर्यटकांच्या वाटेपासून दूर मात्र कोरकूंची गावे आहेत. घरात बोलली जाते ती कोरकू. मुंडा कुळातली, मराठीशी नाते नसलेली भाषा. बाजारात हिंदी चालते. मराठी भेटते ती बहुधा शाळेत आणि कचेरीत. पुढच्या वर्गांसाठी अनेक मुले गाव सोडून आश्रमशाळेत किंवा वसतिगृहात राहतात. इकडे दिवाळीनंतर कित्येक घरांतले आईबाप मजुरीसाठी घाट उतरतात, ते परततात होळीला. कारण होळी हा कोरकूंचा सर्वांत मोठा सण. हिवाळ्यात सभेची चिठ्ठी घरी पोचते तेव्हा दाराला कडी असते. मग येणार कोण?

आता कायद्याकडे पाहू. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक हवेत आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया. तरतूद उत्तम! पण हा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा, आठवीपर्यंतचा. माध्यमिक शाळांसाठी अशा समित्या २००९ मध्येच सुरू झालेल्या राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियानात आल्या. २०१८ मध्ये ते अभियान समग्र शिक्षेत विलीन झाले. शिक्षण हक्क कायद्याचा आधार मात्र आठवीपाशी संपतो, आणि साधारण त्याच सुमारास मूलही घरापासून दूर जाते.

नववीतली एखादी मुलगी दिवाळीच्या सुटीत घरी जाते आणि परत येत नाही. हजेरीपटावर फक्त गैरहजेरी वाढत जाते. ती आजारी आहे, धाकट्या भावंडाला सांभाळते आहे, की तिचे लग्न ठरते आहे, हे सांगू शकतात तिचे आईबाप. त्यांच्यापर्यंत कुणी गेलेलेच नसते.

माझी उमेदीची वर्षे बँकेत गेली. १९८९ मध्ये रिझर्व्ह बँकेने सेवाक्षेत्र योजना आणली आणि ग्रामीण शाखांना साधारण पंधरा ते पंचवीस गावे नेमून दिली. शेतकरी शाखेत येत नाही म्हणून त्याला बेफिकीर ठरवण्याची सोय नव्हती. आम्हीच फटफटीला किक मारून बाजाराच्या दिवशी गाव गाठत असू. टेबलापलीकडे गप्प बसणारा माणूस झाडाखाली बसला की पै-पैचा हिशेब तोंडपाठ सांगतो, हे मी तिथे शिकलो.

शाळेनेही हेच करावे. एक सभा पोळ्यानंतर, माणसे कामाला बाहेर पडण्यापूर्वी. दुसरी होळीला, गावातच. मधल्या काळात आठवडी बाजार आहेच. शेजारी कोरकू बोलणारा, गावातलाच शिकलेला एखादा मुलगा असावा. भाषणे नकोत. कामावर केव्हा जाणार, मूल कोणाच्या भरवशावर राहणार, निरोप कुणाच्या मोबाइलवर द्यायचा, एवढे विचारून लिहून घ्यावे. दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे होळीच्या आगेमागे येते. तिच्या तारखा घरच्यांना कामावर जातानाच सांगून ठेवाव्यात.

पालकांनीही तीन गोष्टी विचाराव्यात. माझे लेकरू किती दिवस शाळेत आले? कोणता विषय त्याला जड जातो? दहावीनंतर त्याने कुठे जावे? हे विचारायला अक्षरओळख लागत नाही.

आणि वाचकहो, अमरावती-अकोल्यात राहून, लिहितावाचता येत असून, प्रगतिपुस्तकावर सही केली की आपले काम संपले असे मानणारे पालक आपल्यात थोडे आहेत का? हे तीन प्रश्न आपणही शेवटचे कधी विचारले, ते आज जरा आठवून पाहावे.