बेल्जियन स्ट्राँग गोल्डन एल : चवीला हलकी, अंमलाला भारी

"मुलीकडे बेल्जियमला गेलो होतो. जावयांनी बिअर दिली. बिअरच तर आहे म्हणून दोन बाटल्या घेतल्या. रात्री घाम फुटला, हातपाय थरथरायला लागले." मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड घेणाऱ्या एका रुग्णाने मला हे सांगितले. ती बिअर होती डूव्हल.

चव का फसवते?

डूव्हल ही स्ट्राँग गोल्डन एल प्रकारातली सर्वांत प्रसिद्ध बिअर. रंग फिकट सोनेरी, वर पांढरा दाट फेस. वासाला पेअर आणि लिंबाच्या सालीची आठवण येते, मागून किंचित मिरीसारखा तिखटपणा. हा सुगंध मुख्यतः यीस्टमुळे येतो. घोट कोरडा, शेवट थोडा कडवट. बनवताना माल्टसोबत साखर घालतात. यीस्ट ती जवळजवळ सगळी खाऊन टाकते, त्यामुळे अल्कोहोल वाढते पण बिअर दाट किंवा गोड होत नाही. थंडपणा आणि बुडबुडे उरलेली तीव्रता झाकतात. १९२३ मध्ये मिळालेल्या डूव्हल या नावाचा तिथल्या बोलीतला अर्थ 'सैतान'!

एका बाटलीत किती अल्कोहोल?

- साधी बिअर (५%), ३३० मिलि : सुमारे १३ ग्रॅम
- डूव्हल (८.५%), ३३० मिलि : सुमारे २२ ग्रॅम
- व्हिस्कीचा ३० मिलिचा पेग : सुमारे १० ग्रॅम

म्हणजे एक बाटली दोन छोट्या पेगांपेक्षा थोडी जास्तच. यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल हाताळते. कॉफी किंवा थंड पाण्याची आंघोळ हा वेग वाढवत नाही.

साखर का उतरते?

पोट रिकामे असताना यकृत रक्तात साखर सोडत राहते. अल्कोहोल हे काम मंदावते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असतील तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते, कधीकधी काही तासांनी, झोपेतही.

घरच्यांनी लक्षात ठेवा : घाम, थरथर, बरळणे, गुंगी ही लक्षणे नशेसारखीच दिसतात. "झोपू दे, उतरेल" म्हणू नका. ग्लुकोमीटरने साखर तपासा. रुग्ण शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर साखरपाणी द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, एका कुशीवर वळवा आणि ताबडतोब मदत बोलवा. भारतात आणि बेल्जियममध्येही आपत्कालीन क्रमांक ११२ आहे.

कोणी घेऊच नये?

गर्भवती, यकृताचे रुग्ण, झोपेच्या किंवा झटक्यांच्या गोळ्या घेणारे, आणि ज्यांना गाडी चालवायची आहे ते. गाऊट असेल तर बिअर त्रास वाढवते. सीलिअॅक आजारात बार्लीमुळे ती चालत नाही. इतरांसाठीही पूर्णपणे सुरक्षित असे प्रमाण नाही.

रोज पिणाऱ्यांसाठी

याच प्रकारातल्या दुसऱ्या एका बिअरचे नाव 'डेलिरियम ट्रेमेन्स' आहे. तिच्या बाटलीवर गुलाबी हत्ती असतो. हा आजार मात्र गमतीचा नाही. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक थांबवले तर दोन-तीन दिवसांत भ्रम, भास, ताप, झटके येऊ शकतात. जीवही जाऊ शकतो. दारू जरूर सोडा, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

आणि डॉक्टरांनी "पिता का?" विचारले तर "फक्त बिअर" एवढेच सांगू नका. बाटलीवरचा टक्काही सांगा.