न्यू ऑर्लीन्सच्या सनदी शाळा : निकाल आणि साधनसामग्री

शाळांचा कारभार कोणाकडे असावा, पैसा कोणत्या बाबींवर खर्च व्हावा आणि निकालाची जबाबदारी कोणी घ्यावी, हे प्रश्न प्रत्येक शिक्षणव्यवस्थेपुढे उभे राहतात. अमेरिकेतील लुइझियाना राज्याच्या न्यू ऑर्लीन्स शहराने या प्रश्नांना दिलेले उत्तर इतरांहून वेगळे आहे. २०२० च्या जनगणनेनुसार सुमारे ३ लाख ८४ हजार वस्तीच्या या शहरात जवळजवळ सर्व सार्वजनिक शाळा 'चार्टर' म्हणजे सनदी पद्धतीने चालविल्या जातात. या प्रयोगाचे यश आणि त्यासाठी मोजावी लागलेली किंमत या दोहोंची ओळख शिक्षणाशी संबंधित प्रत्येकास उपयुक्त ठरेल.

सनदी शाळा म्हणजे काय?

सनदी शाळा ही सार्वजनिक पैशावर चालणारी, विद्यार्थ्यांकडून शिक्षणशुल्क न घेणारी शाळा होय. तिचा दैनंदिन कारभार मात्र एखादी स्वतंत्र संस्था पाहते. यासाठी तिला ठराविक मुदतीची सनद देण्यात येते. अशा शाळांचा पहिला कायदा मिनेसोटा राज्याने १९९१ मध्ये संमत केला आणि १९९२ मध्ये सेंट पॉल येथे पहिली शाळा सुरू झाली.

आपल्याकडील अनुदानित खाजगी शाळांशी या शाळांचे काहीसे साम्य आहे. दोन्हीकडे चालविणारी संस्था वेगळी आणि पैसा शासनाचा. परंतु आपल्याकडे शिक्षकांच्या सेवाशर्ती १९७७ च्या अधिनियमाने बांधलेल्या आहेत. सनदी शाळेस नेमणुका, वेतन आणि अध्यापनपद्धती यांबाबत बरीच मोकळीक असते. या मोकळिकीच्या बदल्यात तिला निकाल दाखवावा लागतो. अपेक्षित प्रगती झाली नाही, तर सनदेचे नूतनीकरण नाकारले जाते आणि शाळा बंद होते किंवा दुसऱ्या संस्थेकडे सोपविली जाते.

वादळानंतरची पुनर्रचना

न्यू ऑर्लीन्सच्या शाळांची स्थिती २००५ पूर्वीही समाधानकारक नव्हती. मागे पडलेल्या शाळा ताब्यात घेण्यासाठी राज्याने २००३ मध्ये 'रिकव्हरी स्कूल डिस्ट्रिक्ट' हा स्वतंत्र विभाग स्थापन केला होता. २९ ऑगस्ट २००५ रोजी कतरिना चक्रीवादळ आले. बांध फुटून शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला आणि शाळा बंद पडल्या. त्याच वर्षी राज्याने कायदा करून शहरातील शंभराहून अधिक शाळा या विभागाकडे वर्ग केल्या. पुढे त्या एकेक करून सनदी संस्थांकडे देण्यात आल्या. २०१४ मध्ये या विभागाच्या शहरातील सर्व शाळा सनदी झाल्या. २०१८ मध्ये या शाळांवरील देखरेख पुन्हा स्थानिक लोकनियुक्त शिक्षण मंडळाकडे आली.

निकाल काय सांगतात?

या बदलांचा सर्वांत तपशीलवार अभ्यास तेथील टुलेन विद्यापीठातील संशोधकांनी केला आहे. वादळाचा फटका बसलेल्या इतर भागांशी तुलना करून त्यांनी निष्कर्ष काढले. राज्यातील शंभर विद्यार्थी गुणानुक्रमे उभे केले, तर या शहरातील सर्वसाधारण विद्यार्थ्याचे स्थान या बदलांमुळे ११ ते १६ पायऱ्यांनी वर सरकले, असे त्यांना आढळले. शालान्त शिक्षण पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण ३ ते ९ टक्क्यांनी, तर महाविद्यालयात प्रवेश घेणाऱ्यांचे प्रमाण ८ ते १५ टक्क्यांनी वाढले. शिक्षणक्षेत्रात एवढी मोठी वाढ क्वचितच दिसते. या सुधारणेचा मोठा भाग मागे पडलेल्या शाळा बंद करण्याच्या किंवा दुसऱ्या संस्थेकडे देण्याच्या धोरणामुळे झाला, असेही त्यांचे मत आहे.

पैसा कोठे खर्च झाला?

ही प्रगती आहे त्याच पैशात झाली, असे मात्र नाही. तुलनेसाठी घेतलेल्या जिल्ह्यांच्या मानाने न्यू ऑर्लीन्समधील दर विद्यार्थ्यामागील चालू खर्च २०१४ पर्यंत सुमारे १३ टक्क्यांनी, म्हणजे १,३५८ डॉलरनी, अधिक वाढला. त्यातही प्रशासनावरील खर्च ६६ टक्क्यांनी वाढला, तर प्रत्यक्ष अध्यापनावरील खर्च १० टक्क्यांनी घटला. प्रत्येक संस्थेची व्यवस्था स्वतंत्र असल्याने व्यवस्थापनाचा बोजा वाढला. मुले घरापासून दूरच्या शाळा निवडू लागल्याने वाहतुकीचा खर्चही वाढला. मोकळीक मिळाली की कारभार आपोआप काटकसरीचा होतो, या समजास या आकड्यांनी छेद दिला आहे.

आकड्यांमागील माणसे

वादळानंतर शिक्षकांसह सात हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांना सेवेतून कमी करण्यात आले. त्यांतील अनेक जण वर्षानुवर्षे त्याच वस्त्यांत शिकविणारे होते. २००५ मध्ये शिक्षकांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण ७१ टक्के होते; ते २०१४ मध्ये ४९ टक्क्यांवर आले. शिक्षकांचा सरासरी अनुभवही घटला.

निकालावर शाळेचे अस्तित्व अवलंबून असले की निकाल खाली आणतील अशा मुलांना दूर ठेवण्याचा मोह संस्थांना होऊ शकतो. अपंग मुलांना योग्य सेवा मिळत नाहीत, अशी तक्रार घेऊन पालक २०१० मध्ये संघीय न्यायालयात गेले. तडजोडीनंतर शाळांवर स्वतंत्र देखरेख ठेवण्यात आली. २०१२ पासून प्रवेशासाठी बहुतेक शाळांचा एकच सामायिक अर्ज आला आणि विद्यार्थ्यास शाळेतून काढण्याच्या निर्णयावरही मध्यवर्ती नियंत्रण आले. २०२४ मध्ये तर शिक्षण मंडळाने स्वतः चालविलेली एक शाळा पुन्हा सुरू केली. ज्या शहराने शाळांना सर्वाधिक स्वातंत्र्य दिले, त्यालाच काही सूत्रे सार्वजनिक हाती ठेवण्याची गरज भासली, ही बाब लक्षणीय आहे.

घेण्यासारखा बोध

आपली परिस्थिती निराळी असल्याने ही व्यवस्था जशीच्या तशी उचलण्याचा प्रश्न नाही. तथापि शाळेचा निकाल वाचण्याची एक पद्धत या अनुभवातून मिळते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समित्यांकडे शाळेच्या कामकाजावर आणि अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवण्याचे काम सोपविले आहे. या समित्यांनी, शिक्षकांनी आणि पंचायत सदस्यांनी निकालाची टक्केवारी पाहताना आणखी दोन गोष्टी विचाराव्यात. आलेल्या पैशांपैकी किती पैसा वर्गापर्यंत पोहोचला? आणि गावातील कोणते मूल या टक्केवारीत मोजलेच गेले नाही? ही उत्तरे हाती असतील, तरच निकालाच्या आकड्यावरून शाळेची खरी स्थिती समजू शकेल.