उमेदवाराला विचारायचा प्रश्न

महापालिकेच्या निवडणुकीत मेट्रो आणि उड्डाणपुलांची आश्वासनं भरपूर मिळतात. पण महाराष्ट्रात पालिकेचे कार्यकारी अधिकार राज्य सरकारने नेमलेल्या आयुक्तांकडे असतात आणि मेट्रो वेगळ्या संस्था उभारतात. १९९२च्या ७४व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत शहरांसाठी १८ विषय नोंदवले खरे. त्यांतले किती सोपवायचे, हे मात्र राज्यांवर सोडलं. २०१७मध्ये जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. तेव्हापासून तिथे राज्याच्या भरपाईवर विसंबावं लागतं. म्हणून चांगल्या शहराची कल्पना मांडणाऱ्या उमेदवाराने अधिकार आणि पैसा कुठून येणार, हेही सांगायला हवं.

मग नगरसेवकाच्या हाती उरतं काय, असं कोणी म्हणेल. माझ्या मते पुष्कळ उरतं. अंदाजपत्रक स्थायी समिती आणि सर्वसाधारण सभेतून जातं. प्रभाग समितीत गटारं, कचरा, पदपथ यांचा जाब विचारता येतो. पुण्यात तर २००६च्या सुमारास नागरिकांनी सुचवलेली छोटी कामं अंदाजपत्रकात घेण्याची पद्धत सुरू झाली. या कामांना फलकावर जागा मिळत नाही, पण रोजचं जगणं त्यांनीच सुसह्य होतं. तेव्हा दारात आलेल्या उमेदवाराला आपल्या प्रभागासाठी अंदाजपत्रकात काय मागणार, एवढं जरूर विचारा.