पोटातला चरबीचा पदर

आतड्यांच्या पुढे चरबीचा एक पदर लोंबत असतो. डॉक्टर त्याला ओमेंटम म्हणतात. पोटात कुठे संसर्ग झाला की हा पदर तिथे जाऊन चिकटतो आणि संसर्ग पसरू देत नाही. एवढा राखणदार, पण अंडाशयाच्या कॅन्सरला तोच आसरा देतो. म्हणून ऑपरेशनमध्ये सर्जन सहसा तोही काढून टाकतात.

लंडनचे सर्जन स्टीफन पॅजेट यांनी १८८९ साली स्तनाच्या कॅन्सरने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. गाठी यकृतात भरपूर, प्लीहेत क्वचित. बी सगळीकडे उडतं, रुजतं मात्र मानवेल त्या जमिनीत, असा त्यांचा निष्कर्ष. शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही. औषधांचा शोध मात्र बराच काळ फक्त बियाण्याभोवती फिरत राहिला.

शिकागो विद्यापीठात अर्न्स्ट लेंगयेल यांच्या गटाने २०११ मध्ये ही जमीन उकरून पाहिली. ओमेंटमच्या चरबीपेशी काही रसायनं सोडतात आणि अंडाशयाच्या कॅन्सरच्या पेशी त्यांच्या मागावर येतात. आल्यावर त्या चरबीपेशींतलं मेद ओढून घेतात आणि इंधन म्हणून जाळतात. म्हणजे आयतं जेवण! मेद वाहून नेणारं एक प्रथिन उंदरांत नसलं, तर गाठी फारशा वाढत नाहीत, हेही दिसलं.

सिस्प्लॅटिन-कार्बोप्लॅटिन या केमोथेरपीच्या औषधांनी सुरुवातीला बहुतेकींच्या गाठी आटतात. पण आजार पसरल्यावर निदान झालं असेल, तर तो पुष्कळदा परततो. याला पेशींमधले बदल कारण आहेतच, शेजारही आहे. ‘पोटात पाणी झालंय’ म्हणतात, त्या पाण्यात पेशी गोळे करून तरंगतात. गोळ्याच्या आतल्या पेशींपर्यंत औषध नीट पोचत नाही.

प्रतिकारशक्तीचंही तसंच. २००३ मध्ये पेनसिल्वेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी अंडाशयाच्या कॅन्सरच्या १८६ रुग्णांच्या गाठी पाहिल्या. ज्यांच्या गाठीत प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी शिरल्या होत्या, त्यांतल्या ३८ टक्के पाच वर्षं जगल्या. शिरल्या नव्हत्या, त्यांतल्या फक्त ४.५ टक्के. हे आकडे वाचून टी-पेशींचे ब्रेक सोडणाऱ्या औषधांवर आशा बसणं साहजिक होतं. प्रत्यक्षात, पहिल्याच उपचारात केमोथेरपीला अशाच एका औषधाची, अ‍ॅव्हेलुमॅबची, जोड देणारी मोठी चाचणी २०१८ मध्ये मधेच थांबवावी लागली. ब्रेक सोडून काय उपयोग, गाडी फाटकातच अडली असेल तर?

आता काही प्रयोगशाळा फाटकाकडेच वळल्या आहेत: गाठीभोवतीचे चिवट तंतू विणणाऱ्या पेशी आणि टी-पेशींना गप्प बसवणाऱ्या मॅक्रोफेज पेशी.