उत्तरायुष्य परदेशीं : थायलंडमधील निवृत्तांचा व्हिसा

(नभोवाणीवरील भाषण)



नोकरीचें जूं खांद्यावरून उतरलें म्हणजे मनांत दडवून ठेवलेले बेत एकेक करून वर येऊं लागतात. कोणी काशीरामेश्वराची यात्रा योजतो, कोणी गांवच्या घराची डागडुजी काढतो. आणि अलीकडे कांहीं जण उत्तरायुष्यांतील कांहीं वर्षें थायलंडसारख्या उबदार देशांत घालविण्याचा विचार करूं लागले आहेत. तेथील निवृत्तांचा व्हिसा कसा मिळतो आणि, त्याहून महत्त्वाचें म्हणजे, तो कसा टिकवावा लागतो, हें आज सांगावयाचें आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘निवृत्तांचा व्हिसा’ हे शब्द ऐकतांच त्या देशांत कायमचें राहण्याचा हक्क मिळाला, असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः ती एका वर्षाची परवानगी असते आणि भाडेपट्ट्याप्रमाणें दरवर्षीं नवी करून घ्यावी लागते. या परवानगीवर नोकरी वा धंदा करतां येत नाहीं.

अर्जदाराचें वय निदान ५० वर्षें असावें लागतें. पुढें दोन मार्ग आहेत. पहिला ‘ओ-ए’ नांवाचा व्हिसा. तो निघण्यापूर्वींच स्वदेशांतून मिळवावयाचा असतो. त्यास पोलिसांचा दाखला, वैद्यकीय दाखला आणि २०१९ सालापासून आरोग्यविमाही लागतो. दुसरा मार्ग ‘ओ’ व्हिसाचा. त्यावर प्रथम ९० दिवस राहतां येतें व त्या मुदतींत तेथील इमिग्रेशनच्या कचेरींत जाऊन वर्षाची मुदतवाढ मागावयाची असते. या दुसऱ्या मार्गास विम्याची अट नाहीं. तरी म्हातारपणीं परक्या देशांत रुग्णालयाचा खर्च पदरचाच असल्यामुळें विम्यावांचून राहणें शहाणपणाचें नव्हे.

आतां पैशाची गोष्ट. मुदतवाढीसाठीं तेथील बँकेंत अर्जदाराच्या नांवावर ८ लक्ष बाट, म्हणजे आपले २० लक्षांहून अधिक रुपये, असले पाहिजेत. किंवा दरमहा ६५ हजार बाटांचें उत्पन्न दाखविलें पाहिजे. दोहोंची सांगडही चालते. समजा, एखाद्याचें पेन्शन दरमहा ३० हजार बाट आहे. वर्षाचे झाले ३ लक्ष ६० हजार. मग उरलेले ४ लक्ष ४० हजार बँकेंत दाखविले कीं बेरीज पुरी झाली.

परंतु पैसा असून भागत नाहीं; तो योग्य वेळीं योग्य जागीं असावा लागतो. केवळ ठेवीवर अर्ज करणाऱ्याची पूर्ण रक्कम अर्जापूर्वीं दोन महिने खात्यांत असली पाहिजे. परवानगी मिळाल्यावर पुढें तीन महिने तिला हात लावतां येत नाहीं. त्यानंतरही शिल्लक ४ लक्षांखालीं जातां कामा नये. म्हणजे वर्षांतील पांच महिने संपूर्ण ठेव अडकलेली, आणि उरलेल्या सात महिन्यांत फार तर निम्मी मोकळी. ज्यानें हेच पैसे घरखर्चाला धरले असतील त्याचा हिशेब पहिल्याच वर्षीं चुकतो.

मुदत संपण्यापूर्वींच्या महिन्यांत बँकेचें पत्र, पासबुक, पासपोर्ट व राहत्या जागेचा पुरावा घेऊन कचेरींत जावें. फी १,९०० बाट आहे. मुदत टळली तर दर दिवसास ५०० बाट याप्रमाणें २० हजारांपर्यंत दंड होतो. आणि ९० दिवसांवर दिवस गेले तर दंडाबरोबरच पुन्हां प्रवेशास बंदी होते.

येथें दोन गोष्टींची नेहमी गफलत होते. पहिली, दर ९० दिवसांनीं आपला पत्ता कचेरीस कळविणें. ही केवळ वर्दी आहे, मुदतवाढ नव्हे. एकीनें दुसरीचें काम होत नाहीं. दुसरी चूक अधिक महागात पडते. गणपतीसाठीं किंवा नातीच्या लग्नासाठीं आपण पुण्यास आलों आणि निघतांना परतप्रवेशाचा परवाना घेतला नाहीं, तर देशाची सीमा ओलांडतांच उरलेली सारी मुदत रद्द होते. हा परवाना एका खेपेस १,००० बाटांना व अनेक खेपांस ३,८०० बाटांना मिळतो.

शेवटीं एक अप्रिय पण आवश्यक गोष्ट सांगतों. पतीच्या परवानगीच्या आधारें पत्नीस आश्रित म्हणून राहतां येतें. तिच्यासाठीं निराळी ठेव लागत नाहीं. ही सोय स्वस्त वाटते म्हणून पुष्कळजण तीच पत्करतात. पण पतीचें निधन झालें कीं पत्नीच्या वास्तव्याचा आधारही त्याच्याबरोबर जातो. ती पन्नाशीपुढची असेल तर स्वतःच्या नांवानें अर्ज करूं शकते. मात्र त्यासाठीं ठेव तिच्या नांवावर हवी, आणि पतीच्या खात्यांतील रक्कम तर न्यायालयानें मिळकतीचा व्यवस्थापक नेमीपर्यंत बँकेंतून सहसा निघत नाहीं. ज्या दिवसांत माणसाला चहाचा पेलाही दुसऱ्यानें हातीं द्यावा लागतो, त्या दिवसांत परक्या भाषेंत कचेऱ्यांच्या पायऱ्या चढण्याची पाळी तिच्यावर यावी काय?

म्हणून ऐपत असल्यास दोघांनीं आपापल्या नांवानें परवानगी घ्यावी. तें न जमल्यास पत्नीच्या नांवें तेथें एक खातें अवश्य असावें, आणि तेथील मिळकतीपुरतें मृत्युपत्र तेथील वकिलाकडून करून ठेवावें. पेन्शनरांनीं हयातीचा दाखला दरवर्षीं वेळेवर पाठविण्यास विसरूं नये. नियम बदलत असतात. तेव्हां निघण्यापूर्वीं त्या देशाच्या वकिलातींत विचारून खात्री करून घ्यावी. आणि जाणाऱ्यांनीं खुशाल जावें, समुद्रकांठीं सुखानें फिरावें. फक्त इकडच्या घराची किल्ली निदान पहिलीं दोन वर्षें तरी कोणाच्या हवालीं करूं नये.