एमबीए प्रवेशाचे गणित : भाग ४
पर्सेंटाइल सांगतो किती, लपवतो किती?

गेल्या तीन भागांत कॅट, झॅट आणि राज्याची सीईटी या परीक्षांची रचना आपण पाहिली. निकाल हातात आला की घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो : इतक्या पर्सेंटाइलवर कुठे मिळेल? बारावीनंतरच्या अभियांत्रिकी आणि वैद्यकीय प्रवेशांनी आपल्याला ही सवय लावली आहे. तिथे गुणवत्ता यादी लागते, कट-ऑफ जाहीर होतो, आपला आकडा त्याच्या वर असला की काम झाले. आघाडीच्या व्यवस्थापन संस्थांच्या बाबतीत मात्र हीच सवय विद्यार्थ्याला चुकीच्या ठिकाणी अर्ज करायला लावते, चुकीच्या गोष्टीवर मेहनत खर्च करायला लावते आणि शेवटी त्याला स्वतःविषयीच चुकीचा निष्कर्ष काढायला लावते. प्रवेशाच्या शक्यतेचा अंदाज बांधता येतो, आणि तो बऱ्यापैकी नेमका बांधता येतो, असे माझे मत आहे. पण तो प्रत्येक संस्थेसाठी वेगळा मांडावा लागतो, आणि निकाल लागल्यावर मांडला तर फार उशीर झालेला असतो. अर्ज भरण्याआधीच तो कागदावर उतरायला हवा.

आधी स्पर्धेचा आकार समजून घेऊ. २०२४ ची कॅट सुमारे २ लाख ९३ हजार उमेदवारांनी दिली. म्हणजे ९९ पर्सेंटाइल मिळवणाऱ्याच्या बरोबरीने किंवा पुढे जवळपास २,९०० जण असतात, आणि ९९.९ पर्सेंटाइलच्या पातळीवरही सुमारे २९० जण उरतात. आता जागांकडे पाहा. आयआयएम अहमदाबादच्या दोन वर्षांच्या मुख्य अभ्यासक्रमाला दरवर्षी साधारण ४०० विद्यार्थी घेतले जातात. अनुसूचित जातींसाठी १५ टक्के, अनुसूचित जमातींसाठी ७.५ टक्के, नॉन-क्रीमी लेयर ओबीसींसाठी २७ टक्के आणि आर्थिक दुर्बल घटकांसाठी १० टक्के, अशा मिळून ५९.५ टक्के जागा राखीव असतात. उरलेल्या ४०.५ टक्के, म्हणजे ४०० पैकी सुमारे १६२ जागा सर्वांसाठी खुल्या. दिव्यांगांचे ५ टक्के आरक्षण या सर्व गटांना छेदून जाते. एवढ्यावरून दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली अशी की, ९९ पर्सेंटाइल हा आकडा दिमाखदार वाटला तरी या एका संस्थेपुरता तो गर्दीचाच भाग आहे. दुसरी अशी की, पर्सेंटाइलच्या वरच्या टोकाला उमेदवारांमधले अंतर इतके कमी होते की तीन गुणांचा एखादा प्रश्न बरोबर आला की चुकला यावर शेकडो क्रमांक खालीवर होतात. दोन माणसांतला फरक सांगण्याची या आकड्याची ताकद तिथे संपत आलेली असते, म्हणून संस्था इतर गोष्टींकडे वळतात.

त्या कशाकडे वळतात हे गुपित नाही. प्रत्येक आयआयएम दरवर्षी आपले निवडीचे निकष संकेतस्थळावर प्रसिद्ध करते. अहमदाबादचेच उदाहरण घेऊ. अलीकडच्या काही वर्षांत मुलाखतीला बोलावण्यासाठी, म्हणजे विद्यार्थी ज्याला ‘कॉल’ म्हणतात त्यासाठी, तिथे कॅटला ६५ टक्के आणि अर्जदाराच्या पूर्वकामगिरीला ३५ टक्के वजन दिले गेले आहे. पूर्वकामगिरीत दहावी, बारावी आणि पदवीचे गुण, कामाचा अनुभव आणि वर्गातल्या मुलामुलींच्या प्रमाणाचा विचार येतो. गुण थेट धरले जात नाहीत, त्यांच्या पायऱ्या केलेल्या असतात : दहावीला ९० टक्क्यांच्या वर १० गुण, ८० ते ९० मध्ये ८, ७० ते ८० मध्ये ५. आता दोन काल्पनिक उमेदवार डोळ्यांसमोर आणा. पहिल्याचा कॅटचा स्कोअर सर्वोच्च स्कोअरच्या ९० टक्के आहे, पण पूर्वकामगिरीचे गुणांकन सर्वोच्चाच्या निम्मेच. दुसऱ्याचा कॅटचा स्कोअर सर्वोच्चाच्या ८० टक्के, पण पूर्वकामगिरीही ८० टक्के. पहिल्याचे होतात ५८.५ अधिक १७.५, एकूण ७६. दुसऱ्याचे ५२ अधिक २८, एकूण ८०. कॅटमध्ये स्पष्टपणे मागे असलेला उमेदवार कॉलच्या यादीत पुढे गेला. आपल्या भोवतीचे लोक ज्याला ‘विचित्र निकाल’ म्हणतात, त्यातले बरेच निकाल ही साधी बेरीज करून आधीच सांगता आले असते.

बेरजेपाठोपाठ प्रश्न येतो तो तुलनेचा : आपल्याला कोणाशी ताडून पाहिले जाते? सर्व अर्जदारांची एकच रांग लागते हा समज खरा नाही. राखीव प्रवर्गांच्या रांगा वेगळ्या असतात हे सर्वांना ठाऊक आहे. त्याखेरीज अहमदाबादसारखी संस्था पदवीच्या शाखांनुसार गट पाडून प्रत्येक गटातल्या अव्वल उमेदवारांचा आधी विचार करते. त्यामुळे कला शाखेची पदवीधर आणि संगणक अभियंता यांचा कॅटचा स्कोअर सारखा असला तरी त्यांची शक्यता सारखी नसते. खुल्या प्रवर्गातला अभियंता मुलगा हा कॅट देणाऱ्यांमधला सर्वांत गजबजलेला गट. जनरल, इंजिनीअर, मेल या शब्दांच्या आद्याक्षरांवरून कोचिंगच्या जगात त्याला ‘जेम’ असे नाव पडले आहे. त्या गटातल्या मुलाने इतर गटातल्या मैत्रिणीच्या कॉलवरून स्वतःचा अंदाज बांधणे निरर्थक आहे. बोर्डाचेही तसेच. आयआयएम बंगळुरूच्या पद्धतीत दहावी-बारावीचे गुण जसेच्या तसे धरले जात नाहीत. त्या त्या बोर्डातून आलेल्या अर्जदारांच्या ९० व्या पर्सेंटाइलच्या गुणांनी त्यांना भागले जाते. म्हणजे ज्या बोर्डात ९५ टक्के सर्रास मिळतात, तिथल्या ९० टक्क्यांची किंमत उतरते आणि जिथे गुण हात राखून दिले जातात, तिथल्या ८५ टक्क्यांची किंमत वाढते. आपल्या राज्य मंडळाच्या विद्यार्थ्याने सीबीएसईच्या विद्यार्थ्याशी थेट टक्केवारीची तुलना करून हिरमुसण्याआधी ही बाब ध्यानात घ्यावी.

तिसरी गोष्ट विभागवार किमान पात्रतेची. कॅटमध्ये भाषा-आकलन, विदा-तर्क आणि गणित असे तीन विभाग असतात, प्रत्येकाला ४० मिनिटे मिळतात, आणि बहुतेक आयआयएम प्रत्येक विभागात वेगळा किमान पर्सेंटाइल मागतात. एका विभागातली घसरण दुसऱ्यातल्या झेपेने भरून निघत नाही. मराठी माध्यमातून शिकलेल्या अनेक मुलामुलींचा प्रश्न नेमका इथे असतो. परीक्षा इंग्रजीतच होते, गणिताचा पाया पक्का असतो, आणि सगळी तयारी आपल्या आवडीच्या गणितावरच केली जाते. एकूण पर्सेंटाइल चांगला दिसतो, पण भाषेच्या विभागात उंबरठा ओलांडला जात नाही आणि अर्ज पहिल्याच चाळणीत बाद होतो. अशा विद्यार्थ्याने गणितात ९८ वरून ९९ वर जाण्यासाठी घालवलेला महिना त्याची शक्यता फारशी बदलत नाही. तोच महिना रोज सलग तासभर इंग्रजी वैचारिक लेख वाचण्यात घालवला तर ती खऱ्या अर्थाने बदलू शकते. शक्यतेचा हिशेब मांडण्याचा मोठा उपयोग हाच : मेहनत कुठे फळेल ते तो दाखवतो.

कॉल आल्यावर सगळे गणित पुन्हा बदलते. अहमदाबादच्या अंतिम निवडीत मुलाखतीला ५० टक्के, लेखी विश्लेषणाला १० टक्के, कॅटला २५ टक्के आणि पूर्वकामगिरीला १५ टक्के अशी विभागणी राहिली आहे. म्हणजे कागदावर ६० टक्के वजन त्या एका दिवसाला आहे. प्रत्यक्षात ते याहूनही जास्त असते. मुलाखतीला आलेल्या सगळ्यांचाच कॅटचा स्कोअर उत्तम असतो, त्यामुळे त्या २५ टक्क्यांत उमेदवारा-उमेदवारांमध्ये फरक थोडाच पडतो. मुलाखतीचे गुण मात्र खूप पसरलेले असतात. ज्या घटकात फरक जास्त, तोच निकाल फिरवतो. इतके असूनही बहुसंख्य विद्यार्थी कॅटसाठी वर्षभर अभ्यास करतात आणि मुलाखतीच्या तयारीला कॉल आल्यानंतर लागतात. कॅट साधारण नोव्हेंबरअखेर होते आणि मुलाखती फेब्रुवारी-मार्चमध्ये. पदवीच्या विषयांची उजळणी, केलेल्या कामाबद्दल स्पष्ट बोलता येणे, अर्थव्यवस्थेतल्या घडामोडींवर स्वतःचे मत असणे, हे काही त्या दोन-तीन महिन्यांत पुरते साधत नाही.

यावर हमखास येणारा आक्षेप असा : अमक्याला दहावीला ६५ टक्के होते, तरी तो आत गेला, मग या आकडेमोडीला अर्थ काय? असे विद्यार्थी असतात हे खरेच आहे, आणि त्यांच्या यशाबद्दल आदर वाटायला हवा. पण एका उदाहरणावरून ‘हे अशक्य नाही’ एवढेच सिद्ध होते, ‘हे कितपत शक्य आहे’ ते कळत नाही. त्यासाठी तसेच गुण असलेल्या किती जणांनी अर्ज केला होता हा आकडा लागतो, आणि नाकारल्या गेलेल्यांच्या मुलाखती कोणी छापत नाही. शिवाय अशा अपवादांकडे नीट पाहिले तर बहुधा काही भरपाई करणारे सापडते : असामान्य कॅट स्कोअर, वेगळी शाखा, भक्कम कामाचा अनुभव किंवा कमी गर्दीचा गट. म्हणून अपवादाची गोष्ट ऐकली की ‘मलाही जमेल’ असे म्हणण्याआधी ‘त्याच्याकडे असे काय होते जे त्या उणिवेला पुरून उरले, आणि ते माझ्याकडे आहे का?’ असे विचारावे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पंधराव्या-सोळाव्या वर्षी मिळालेल्या दहावीच्या गुणांचा भार चोविसाव्या वर्षीही वाहायला लावणे अन्यायाचे नाही का? मला हा आक्षेप बराचसा मान्य आहे. घरची परिस्थिती, आजारपण, शाळेचा दर्जा या गोष्टी त्या गुणांत मिसळलेल्या असतात, आणि उशिरा बहरणाऱ्या विद्यार्थ्याला ही पद्धत न्याय देत नाही. संस्थांच्या बाजूने एवढेच म्हणता येईल की, दोन तासांच्या एकाच परीक्षेवर माणूस पारखण्यापेक्षा अनेक वर्षांच्या सातत्याचा पुरावा पाहणे त्यांना सुरक्षित वाटते. हा वाद धोरणाच्या पातळीवर जरूर चालावा. पण यंदा अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्याला त्याचा निकाल लागेपर्यंत थांबता येत नाही. त्याच्यापुढे मार्ग आहे तो संस्था निवडण्याचा, कारण सर्व संस्था एकसारखे वजन देत नाहीत. मुंबईच्या जमनालाल बजाज संस्थेच्या एमएमएस अभ्यासक्रमात मुलाखतच नसते. राज्याच्या सीईटीच्या गुणवत्ता यादीवरून केंद्रीय फेऱ्यांत जागा मिळतात, आणि ८५ टक्के जागा महाराष्ट्रातल्या उमेदवारांसाठी असतात. शालेय गुण कमी असलेल्या पण परीक्षेत चमकणाऱ्या मुलासाठी आणि मुलाखतीला बिचकणाऱ्या मुलीसाठी ही वाट मोठी आहे. याउलट अंधेरीची एस. पी. जैन संस्था उमेदवाराच्या एकूण प्रोफाइलला महत्त्व देण्यासाठी ओळखली जाते. परीक्षेत थोडे मागे पडलेल्या, पण सांगण्याजोगे काम केलेल्या अर्जदाराला तिथे वाव मिळू शकतो.

इथेच अर्जांच्या संचाचा विचार येतो. समजा, पाच संस्थांपैकी प्रत्येक ठिकाणी तुमची शक्यता १० टक्के आहे. हे पाचही निर्णय एकमेकांपासून स्वतंत्र असते तर निदान एका ठिकाणी प्रवेश मिळण्याची शक्यता ४१ टक्के झाली असती. पण पाचही संस्था एकाच कॅटच्या स्कोअरवर आणि जवळपास सारख्या निकषांवर चालत असतील, तर हे निर्णय स्वतंत्र राहत नाहीत. परीक्षेचा दिवस वाईट गेला की पाचही दारे एकदम बंद होतात, आणि खरी शक्यता ४१ टक्क्यांच्या बरीच खाली येते. म्हणून संचात वेगळ्या प्रकारची दारे हवीत : कॅटवरच्या दोन-तीन संस्था, झॅटवरचे जमशेदपूरचे एक्सएलआरआय, जिथे निर्णयक्षमतेचा स्वतंत्र विभाग असतो, आणि राज्याची सीईटी. नुसती अर्जांची संख्या वाढवण्यापेक्षा त्यांच्यातला सारखेपणा कमी करणे जास्त फायद्याचे ठरते. परीक्षांचे आणि अर्जांचे शुल्क मिळून हजारांत मोजावे लागते, त्यामुळे मध्यमवर्गीय आणि ग्रामीण घरांसाठी हा विचार तर अत्यावश्यक आहे.

एक शंका उरते. इतका हिशेब मांडून जिद्दच खचली तर? मला उलट वाटते. अंदाज न बांधता अर्ज करणारा विद्यार्थी नकार आल्यावर ‘मी नालायक आहे’ असे म्हणतो. ज्याने हिशेब मांडला आहे त्याला ठाऊक असते की पंधरा टक्के शक्यतेच्या जागी नकार येणे हीच अपेक्षित गोष्ट होती, आणि तो पुढच्या दारावर त्याच उमेदीने उभा राहतो. म्हणून या आठवड्यात एवढे करावे. आपल्या पसंतीच्या प्रत्येक संस्थेचे यंदाचे निकष उघडावेत, कारण वजने दर वर्षी बदलू शकतात. आपले बदलता न येणारे गुण त्यांत भरावेत, आणि उरलेल्या वजनातले किती आपल्या हाती आहे ते लिहून काढावे. ज्या संस्थेत हाती काहीच उरत नाही ती यादीतून काढावी आणि जिथे बरेच काही उरते तिथे वर्षभराची मेहनत लावावी. या हाती असलेल्या भागातला सर्वांत मोठा वाटा मुलाखतीचा आहे, आणि तिची तयारी केव्हापासून आणि कशी करायची, ते पुढच्या भागात पाहू.